पाखंडी म्हणजे ढोंगी, नास्तिक की नुसता वेगळा?

चाळीसगावकडच्या एका वाचकाने विचारलं आहे. त्यांचं घर महानुभाव पंथाचं, खान्देशात म्हणतात तसं जयकृष्णी. शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद त्यांच्या आईने हात जोडून नाकारला, तर मागून कुणीतरी पुटपुटलं, "या जयकृष्णी पाखंडी शेतस." आईला वाटलं, आपल्याला ढोंगी म्हटलं. मुलाने कोश उघडला, तिथे वेदविरोधी, नास्तिक असा अर्थ. मग खरा अर्थ कोणता? आणि लिहायचं कसं, पाखंडी की पाषंडी?

अर्थ दोन्ही खरे, पण दोन्ही मागाहून चिकटलेले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने गिरनारच्या खडकावर कोरवलेल्या बाराव्या लेखात 'पासंड' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि तिथे त्याचा अर्थ फक्त 'पंथ' एवढाच आहे. आपलाही पासंड, दुसऱ्याचाही पासंड. 'आत्पपासंडपूजा' आणि 'परपासंडगरहा', म्हणजे आपल्या पंथाचे गोडवे आणि परक्याची निंदा, कारण नसताना करू नये असं राजा सांगतो. त्यासाठी त्याचा शब्द आहे 'वचिगुती', जिभेला आवर. भक्तीच्या भरात जो दुसऱ्या पंथाला नावं ठेवतो तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो, असंही त्याने पुढे म्हटलंय.

आता मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला तिसावा श्लोक बघा. पाषंडी, निषिद्ध कर्मं करणारे, मांजरासारखं व्रत धरणारे, शठ, तर्कट लढवणारे आणि बगळ्यासारखे ध्यान लावणारे, यांचा नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये. मला यात सगळ्यांत बोलका वाटतो तो शेजार. ज्याचा पंथ निराळा, त्याला बोकेसंन्याशी आणि बगळेभगत यांच्या पंगतीला बसवलं. अशा पंगतीत शब्द राहिला की त्याला ढोंगाचा वास लागायला वेळ लागत नाही. वेदाला न मानणारा तो पाखंडी हा अर्थ आपल्या जुन्या मराठीतही रुळला. 'पा' म्हणजे वेदधर्म, त्याचं खंडन करतो तो पाखंडी, ही व्युत्पत्ती ऐकायला झकास आहे, पण ती अर्थ बदलल्यावर जुळवलेली. अलीकडे हिंदी बातम्यांमधल्या 'पाखंडी बाबां'मुळे ढोंगाचाच अर्थ वर आलाय.

पण या वाचकाच्या आईंना लागलेला शब्द एकच नाही. दुसरा आपण सगळे, अगदी सुशिक्षित माणसंही, बिनदिक्कत वापरतो : 'मानभावी'. महानुभाव हे त्यांचं नाव झिजून 'मानभाव' झालं आणि त्यावरून गोड बोलून फसवणारा तो मानभावी. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण तर एका दगडात दोन समाज टिपते. तेराव्या शतकात चक्रधरांनी मराठीतून धर्म सांगितला, बायकांना संन्यास दिला, विटाळ मानला नाही. गावगाड्याला हे पचणारं नव्हतं. त्यात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले, म्हणून संशय आणखी वाढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा बाहेरच्यांच्या हाती लागलं ते आद्य मराठी गद्य. राजवाड्यांची अखेर 1926 साली धुळ्यात झाली, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळही धुळ्यातच आहे. आणि भडगाव तालुक्यातल्या कनाशीला आजही जयकृष्णी दर्शनाला जातात. तरी 'मानभावीपणा' आपल्या अग्रलेखांतून जात नाही!

तेव्हा मागून बोलणाऱ्याला कोणता अर्थ अभिप्रेत होता? माझ्या मते जुनाच : आमच्यासारखे वागत नाहीत ते. ढोंगाचा आरोप इथे बसतच नाही. ढोंग करायचं असतं तर आईंनी प्रसाद घेऊन परसात टाकला असता. त्यांनी सगळ्यांसमोर नाही म्हटलं.

लोकांना लुबाडणाऱ्याला 'भोंदू' हा नेमका शब्द आहे, देव न मानणाऱ्याला 'नास्तिक'. 'मानभावी'च्या जागी 'साळसूद', 'लबाड', 'गोडबोल्या' यांपैकी कुठलाही चालतो, आणि कुणाच्या देवघरात पायही पडत नाही. 'पाखंड' मी फक्त धर्मेतिहासाबद्दल लिहिताना वापरतो.

राहिलं लेखन. 'पाषंड' संस्कृत, त्यातल्या 'ष'चा 'ख' होऊन 'पाखंड'. भाषेचं 'भाखा' होतं तसंच. दोन्ही रूपं कोशात आहेत. संस्कृत वचन देताना 'पाषंडी', एरवी 'पाखंडी'.