वाचकांचे प्रश्न : ‘फायनल कट’च्या नव्या रूपावर संकलक का संतापले होते?

प्रश्न : मी कोल्हापुरात व्हिडिओ संकलनाचा अभ्यासक्रम करतो. आमचे सर सांगतात की २०११ साली ‘फायनल कट प्रो’चे रूप बदलले, तेव्हा व्यावसायिक संकलकांनी अ‍ॅपलविरुद्ध रान उठवले होते. मी तेच सॉफ्टवेअर रोज वापरतो आणि मला ते सोपे वाटते. मग जुन्या सवयीची माणसे नव्याला घाबरली, एवढेच होते का?

उत्तर : सवय मोडल्याचा त्रास त्यात होताच, पण तेवढ्यावरून तो संताप समजत नाही. त्या दिवशी ज्यांच्या हातात अर्धवट संकलित चित्रपट किंवा पुढच्या आठवड्यात प्रसारित व्हायचा भाग होता, त्यांच्यापुढचा प्रश्न पडद्यावरची बटणे कुठे गेली हा नव्हता. केलेले काम पुढच्या माणसाच्या हाती सोपवायचे कसे, हा होता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ‘फायनल कट’ची जडणघडण मूळची मॅक्रोमीडिया कंपनीतली, रँडी उबिलोस यांच्या नेतृत्वाखालची, अ‍ॅडोबी प्रीमिअर या दुसऱ्या संकलन-सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्त्याही त्यांनीच लिहिल्या होत्या. अ‍ॅपलने १९९८ मध्ये तो प्रकल्प विकत घेतला आणि १९९९ मध्ये ९९९ डॉलर किमतीला बाजारात आणला. अ‍ॅव्हिड या कंपनीची व्यावसायिक संकलन यंत्रणा त्या काळी याच्या कितीतरी पट महाग होती, त्यामुळे स्वतंत्र माहितीपटकार, लहान स्टुडिओ आणि नव्या वाहिन्या यांच्यासाठी हे दार पहिल्यांदाच उघडले. नामवंत संकलक वॉल्टर मर्च यांनी २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ याच सॉफ्टवेअरवर संकलित केला आणि त्याच्या संकलनाला ऑस्करचे नामांकन मिळाले. २०११ च्या फेब्रुवारीत संकलनाचे ऑस्कर मिळवणारा ‘द सोशल नेटवर्क’ही त्यावरच झालेला. मुंबईच्या एडिट रूममध्येही तोपर्यंत ते चांगलेच रुळलेले होते. म्हणजे माणसे शिकली होती, यंत्रे घेतली होती, कर्जे काढली होती आणि आपली सगळी कामाची पद्धत त्याभोवती उभी केली होती.

सातवी आवृत्ती मात्र ३२ बिटची होती. संगणकात कितीही मेमरी घातली तरी तिला ४ जीबीपलीकडची वापरता येत नव्हती, आणि रेंडरिंग, म्हणजे इफेक्टसह चित्र तयार करण्याची प्रक्रिया, सुरू झाले की संकलकाला हात बांधून बसावे लागे. ते सॉफ्टवेअर मुळापासून नव्याने लिहिणे आवश्यकच होते आणि संकलक स्वतः ही मर्यादा नसलेल्या ६४ बिटच्या आवृत्तीची मागणी करत होते. म्हणूनच एप्रिल २०११ मध्ये लास व्हेगासला संकलकांच्या मेळाव्यात अ‍ॅपलने नव्या ‘फायनल कट प्रो एक्स’ची झलक दाखवली, तेव्हा सभागृहाने टाळ्यांनी दाद दिली होती. ही बाब विसरू नये. नव्याचा तिटकारा असता तर या टाळ्या पडल्या नसत्या.

२१ जून २०११ रोजी ते २९९ डॉलरना विक्रीला आले आणि काय नाही ते लोकांना कळू लागले. जुन्या आवृत्तीतले प्रकल्प उघडत नव्हते. अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र कापण्याची, म्हणजे मल्टिकॅमची सोय नव्हती. टेपवर काम देण्याच्या जुन्या सोयी जवळजवळ गेल्या होत्या. प्रसारणाच्या दर्जाच्या मॉनिटरवर चित्र तपासता येत नव्हते. ध्वनी विभागाला लागणारे ओएमएफ, रंगसंस्काराला लागणारे ईडीएल आणि दोन सॉफ्टवेअरांना जोडणारे एक्सएमएल, या फाइल-प्रकारांपैकी काहीही बाहेर काढता येत नव्हते. ओएमएफसाठी दुसऱ्या कंपनीचा जोड-प्रोग्राम घ्यावा लागे आणि त्याची किंमत मूळ सॉफ्टवेअरपेक्षा जास्त होती. संकलकाचे काम त्याच्या खुर्चीपाशी संपत नाही. तिथून ते ध्वनिमिश्रकाकडे, रंगसंस्कार करणाऱ्या कलरिस्टकडे आणि शेवटी वाहिनीकडे जाते. हे रस्ते एकाच दिवशी बंद झाले.

त्याहून मोठा आघात वेगळाच होता, आणि माझ्या मते खऱ्या संतापाचे मूळ तिथे आहे. नवे आले त्याच दिवशी अ‍ॅपलने जुन्या ‘फायनल कट स्टुडिओ’ची विक्री थांबवली. ज्या स्टुडिओला चालू मालिकेसाठी आणखी दोन संगणक जोडायचे होते, त्याला जुन्याचा परवाना विकत मिळेना आणि नव्यावर ते काम करता येईना. अ‍ॅपलला याचा अंदाज नव्हता असेही म्हणता येत नाही. २००७ मध्ये घरगुती वापराच्या ‘आयमूव्ही’चे रूप असेच आमूलाग्र बदलले होते; तो बदलही उबिलोस यांचाच होता आणि तेव्हाही ओरड झाली होती. पण त्या वेळी अ‍ॅपलने नव्या आवृत्तीच्या ग्राहकांना जुनी आवृत्ती मोफत उपलब्ध करून दिली होती. सुटीचे व्हिडिओ जोडणाऱ्या कुटुंबाला जी मुभा मिळाली, ती त्यावर पोट असलेल्या माणसांना मिळाली नाही. ‘हे तर आयमूव्ही प्रो’ हा टोमणा त्या दिवसांत सर्वतोमुखी झाला. तो तांत्रिकदृष्ट्या अन्यायाचा होता, कारण आतली यंत्रणा खरोखर नवी आणि ताकदवान होती. पण आपल्याला आता गिऱ्हाईक म्हणूनही मोजत नाहीत, ही त्यामागची वेदना खोटी नव्हती. हजारो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, अनेकांनी पैसे परत मागितले आणि अ‍ॅपलला ते द्यावे लागले. कॉनन ओब्रायन यांच्या अमेरिकेतल्या कार्यक्रमाच्या संकलकांनी तर आठवडा संपायच्या आत त्यावर प्रहसन करून ते प्रसारित केले.

तुम्हाला आज ते सोपे वाटते, कारण तुम्ही वापरता ती त्या दिवशीची आवृत्ती नाही.

प्रश्न : मी ठाण्यात ध्वनी विभागात सहायक आहे. नव्या ‘फायनल कट’मधून ट्रॅक काढून टाकले म्हणून एवढे दुःख का, हे मला संकलकांच्या बाजूने समजून घ्यायचे आहे.

उत्तर : तुम्ही ध्वनी विभागात आहात, तर हे दुःख खरे म्हणजे तुमच्यासाठीच होते. टाइमलाइन म्हणजे क्लिप क्रमाने मांडायची पडद्यावरची पट्टी, आणि ट्रॅक म्हणजे तिच्यातल्या एकाखाली एक आडव्या ओळी. ट्रॅकच्या टाइमलाइनमध्ये जागेला अर्थ असतो. पहिल्या चार ट्रॅकवर संवाद, पुढच्यांवर पार्श्वध्वनी आणि परिणाम, सर्वांत खाली संगीत, अशी मांडणी सहायक संकलक पहिल्या दिवसापासून सांभाळतो. त्यामुळे टाइमलाइन उघडताच, एकही क्लिप न ऐकता, प्रसंगाचा ध्वनी कसा रचला आहे ते दिसते. ही मांडणी जशीच्या तशी मिक्सिंगच्या टेबलावर पोचते आणि तिथला माणूस पहिल्या तासापासून कामाला लागतो.

‘मॅग्नेटिक टाइमलाइन’ने हा आधार काढून घेतला. तिच्यात मुख्य कथासूत्राची एकच ओळ असते आणि बाकीचे शॉट व आवाज त्या ओळीतल्या क्लिपला जोडलेले असतात. मधला शॉट काढला की मागचे सगळे आपापल्या जोडण्यांसह पुढे सरकते, आणि दोन आवाज एका जागी आले तर एक आपोआप दुसऱ्या थरात जातो. पहिला कच्चा जोड लावताना याचा वेग विलक्षण आहे, आणि क्लिप सरकवताना संवाद ओठांपासून निसटण्याचा जुना धोका यात फार कमी आहे. मी स्वतः मुलाखतींचे काम या पद्धतीने करणे पसंत करतो. पण आपोआप हलणाऱ्या थरांत क्लिप कोणत्या उंचीवर आहे याला काहीच अर्थ उरत नाही. संवादाची क्लिप आता इथे, उद्या तिथे.

सप्टेंबर २०११ च्या सुधारणेत ‘रोल’ आले, म्हणजे प्रत्येक क्लिपला संवाद, संगीत किंवा परिणाम अशी ओळख देण्याची सोय. जागेऐवजी नावाने वर्गवारी करण्याची ही कल्पना चांगली आहे, किंबहुना शिस्तीने वापरली तर ट्रॅकपेक्षा नेमकी आहे. मात्र रोलनुसार आवाज वेगवेगळ्या रांगांत दिसू लागायला २०१६ ची १०.३ ही आवृत्ती यावी लागली. ही सोय पहिल्याच दिवशी असती, तर निम्मा वाद झालाच नसता असे मला वाटते.

प्रश्न : अ‍ॅपलने पुढे चूक दुरुस्त केली का? गेलेले संकलक परत आले का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दुरुस्त्या झाल्या आणि तशा लवकर झाल्या. त्याच जूनअखेरीस अ‍ॅपलने प्रश्नोत्तरे प्रसिद्ध करून मल्टिकॅमचे आश्वासन दिले. जुने प्रकल्प मात्र नव्या रचनेत आणता येणार नाहीत, असेही स्पष्ट सांगितले. सप्टेंबरमध्ये रोलबरोबर एक्सएमएल आले आणि याच सुमारास मोठ्या ग्राहकांना जुन्या आवृत्तीचे परवाने पुन्हा मिळू लागले. मल्टिकॅम आणि प्रसारण मॉनिटरची सोय जानेवारी २०१२ मध्ये आली, त्या वर्षाच्या ऑक्टोबरात दोन व्ह्यूअर, म्हणजे मूळ चित्रण आणि संकलित चित्र शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या दोन चौकटी, परतले.

गेलेले मोठ्या संख्येने परत आले नाहीत. अ‍ॅडोबीने तेव्हाच फायनल कटच्या ग्राहकांना निम्म्या किमतीची सवलत दिली होती, अ‍ॅव्हिडनेही सवलत काढली होती. आणि संकलक एकदा सहायकांसकट, साठवणुकीसकट दुसऱ्या घरी राहायला गेला की पुन्हा बिऱ्हाड हलवत नाही. ‘फोकस’ हा हॉलिवूडचा चित्रपट २०१५ मध्ये नव्या आवृत्तीवर संकलित होऊन आला, पण तशी उदाहरणे मोजकी राहिली. उलट २०१९ चा ‘पॅरासाइट’, ज्याला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, तो त्याच्या कोरियन संकलकाने सातव्या आवृत्तीवरच कापला होता, म्हणजे विक्री थांबल्यानंतर इतक्या वर्षांनी. एप्रिल २०२२ मध्ये शंभराहून अधिक चित्रपट-दूरचित्रवाणी व्यावसायिकांनी अ‍ॅपलप्रमुख टिम कुक यांना खुले पत्र लिहून, या सॉफ्टवेअरमागे उघडपणे उभे राहा आणि अनेकांना एकत्र काम करण्याच्या सोयी द्या, अशी मागणी केली. हे सही करणारे त्या सॉफ्टवेअरचे चाहते होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. अकरा वर्षांनीही त्यांना भरवसा मागावा लागत होता.

प्रश्न : नाशिकला माझा लग्नसमारंभांच्या चित्रणाचा आणि माहितीपटांचा व्यवसाय आहे. २००८ ते २०१२ मधले ‘फायनल कट’चे प्रकल्प हार्ड डिस्कवर आहेत. त्यांतले दोन माहितीपट पुन्हा संकलित करायचे आहेत. आज ते उघडतील का?

उत्तर : थेट उघडणार नाहीत, पण मार्ग आहे आणि तो लवकर वापरावा. सातवी आवृत्ती मॅकच्या हाय सिएरा या २०१७ च्या प्रणालीपासून पुढे सुरूच होत नाही. त्यामुळे सिएरा किंवा त्याआधीची प्रणाली असलेला एखादा जुना मॅक आणि त्यावर बसवलेले जुने सॉफ्टवेअर तुम्हाला शोधावे लागेल. तुमच्याकडे नसेल तर एखाद्या जुन्या एडिट स्टुडिओकडे असण्याची शक्यता आहे. त्यावर प्रत्येक प्रकल्प उघडून टाइमलाइन एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढा. ही फाइल प्रीमिअर प्रो आणि दाविंची रिझॉल्व्ह ही दोन्ही संकलन-सॉफ्टवेअर वाचतात. आजच्या फायनल कटचे एक्सएमएल वेगळ्या जातीचे असल्याने त्यात मात्र ती थेट जात नाही. मध्ये रूपांतर करणारा जोड-प्रोग्राम लागतो.

एक्सएमएलमधून कट, क्लिपची नावे आणि टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा वेळ-क्रमांक, नीट येतात. शीर्षके, दुसऱ्या कंपन्यांचे इफेक्ट आणि रंगसंस्कार यांच्यावर विसंबू नका. म्हणून त्याच बैठकीत संपूर्ण माहितीपट प्रोरेस या अ‍ॅपलच्या उच्च दर्जाच्या व्हिडिओ स्वरूपात एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि जमल्यास संवाद, संगीत व परिणाम यांच्या वेगवेगळ्या फाइलीही काढा. मूळ चित्रणाच्या फाइली तपासा. सोरेन्सनसारख्या जुन्या कोडेकमधल्या, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करण्याच्या पद्धतीतल्या, काही फाइली कॅटालिना या २०१९ च्या प्रणालीपासून मॅकवर उघडत नाहीत, त्या जुन्या संगणकावर असतानाच प्रोरेसमध्ये बदलून घ्या. फाइलींची आणि फोल्डरांची नावे बदलू नका, नाहीतर नव्या सॉफ्टवेअरला चित्रण जोडून देताना एकेक क्लिप हाताने शोधावी लागेल. शेवटी नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन उघडून, खालच्या ट्रॅकवर जुन्या माहितीपटाची प्रोरेस फाइल ठेवा, वरचे चित्र अर्धपारदर्शक करा आणि दोन्ही एकत्र चालवून प्रत्येक कट जुळतो का ते पाहा. हे जुना मॅक परत करण्याच्या आधी करा.