वाचकांचे प्रश्न: पीनट बटर-जेली सँडविच

प्रश्न: मुलीला शाळेच्या डब्यात पीनट बटर-जेलीचं सँडविच देते. एका स्लाइसला पीनट बटर, दुसऱ्याला जेली लावते. मधल्या सुट्टीपर्यंत जेलीकडचा ब्रेड गिच्च ओला होतो. काय चुकतं?

उत्तर: जेली कोऱ्या ब्रेडवर लावता, तिथेच चुकतं. जेलीत पाणी असतं आणि ब्रेड असतो जाळीदार. दोघं टेकले की पाणी मुरायला लागतं. पीनट बटरमध्ये जवळपास निम्मं तेल आणि पाणी अगदी नावाला. म्हणून ते दोन्ही स्लाइसना लावा आणि जेली मधे कोंडा. प्रत्येक स्लाइसला 15 मिलीचा एक सपाट चमचा पीनट बटर, म्हणजे साधारण 16 ग्रॅम, आणि मधे तेवढाच एक चमचा जेली पुरते. दोन चमचे जेली घातली तर ती पहिल्या घासालाच बाहेर येणार.

पीनट बटर अगदी कडेपर्यंत न्या. मधे कुठे ब्रेडचा पांढरा ठिपका दिसत असेल तर ओल तिथूनच शिरते. जेली मात्र कडेच्या एक सेंटीमीटर आत थांबवा, वरचा स्लाइस दाबला की ती आपसूक पसरते. लावण्याआधी बशीत चमच्याने घोटून घ्या. गोळा राहिला तर कापताना वरचा स्लाइस घसरतो. ब्रेड भाजून घेत असाल तर पूर्ण गार होऊ द्या. गरम टोस्टवर पीनट बटर पातळ होऊन आत जिरतं आणि डब्यात वाफ धरते, म्हणजे सगळी मेहनत वाया.

प्रश्न: पीनट बटर लावताना ब्रेड फाटतो.

उत्तर: पीनट बटर गार असेल. फ्रिजमधली बरणी अर्धा तास आधी बाहेर काढा. ब्रेड हातात न धरता पाटावर ठेवा, गोळा मधोमध टाका आणि सुरी जवळजवळ आडवी धरून कडेकडे ढकला. ओढलात की ब्रेडचा पापुद्रा सुटून येतो. पाकिटातले शेजारचे दोन स्लाइस पुस्तकासारखे उघडले तर मिटताना कडाही जुळतात.

प्रश्न: बरणीत वर तेल तरंगतं, तळाशी दगड. खराब झालं का? पाणी घालून सैल करू का?

उत्तर: खराब नाही. नुसत्या शेंगदाण्यांचं पीनट बटर असंच फुटतं. ज्यात तेल वर येत नाही, त्यात बहुधा हायड्रोजनेटेड तेलासारखं काही घालून ते बांधलेलं असतं. वरचं तेल ओतून टाकू नका, उरलेला गोळा कधीच पसरणार नाही. लांब सुरी तळापर्यंत घालून खालून वर दोन-तीन मिनिटं ढवळा, मग बरणी फ्रिजमध्ये ठेवा. गारव्यात तेल सावकाश सुटतं.

पाणी मात्र नकोच. चमचाभर पाण्यानेही ते सैल होण्याऐवजी आवळून घट्ट होतं, कारण शेंगदाण्याचे बारीक कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात. सैल करायचं तर शेंगदाण्याचं तेल, अर्धा-अर्धा चमचा. खवट वास आला तर फेकून द्या. ढवळून तो जात नाही.

प्रश्न: जेलीऐवजी जॅम चालेल?

उत्तर: चालेल. जेली गाळलेल्या रसाची, जॅम ठेचलेल्या फळाचा, एवढाच मुख्य फरक. आंबट फळाचा निवडा, कारण शेंगदाण्याचा जडपणा आंबटच तोडतं. अमेरिकेत 1901 साली जूलिया डेव्हिस चँडलर यांनी छापलेल्या कृतीतही करंट किंवा क्रॅब ॲपल या आंबट फळांचीच जेली सुचवली होती. चमचा मात्र वेगळा वापरा. पीनट बटरने माखलेली सुरी जेलीच्या बरणीत गेली की ब्रेडचा चुरा आत जातो आणि बुरशी लवकर धरते; शिवाय घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ती बरणी त्यांच्यासाठी धोक्याची ठरते.