ग्लेझ घरी मिसळायचं आणि भट्टीही त्याच खोलीत: चालेल का?

तुम्ही लिहिलंय की छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतली आहे, आता तयार ग्लेझ (मातीच्या भांड्यावर चढवून भट्टीत वितळवायचा काचेसारखा लेप) न आणता स्वतः पावडरी मिसळायच्या आहेत. साधा कापडी मास्क पुरेल का आणि आपण काम करत असताना त्याच खोलीत भट्टी लावली तर चालेल का, असे तुमचे दोन प्रश्न. दोन्हींना माझं उत्तर 'नाही' असंच आहे. पण त्यापायी हा नाद सोडू नका, दोन्हींवर उपाय आहेत.

आधी धुळीचं सांगते, कारण माझ्या मते कुंभारकामात सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. जवळजवळ प्रत्येक ग्लेझमध्ये सिलिका असते आणि तिचे सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. काही मायक्रॉनचे हे कण तासन् तास हवेत तरंगतात, फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि तिथे वर्षानुवर्षं व्रण करत राहतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा करणारं औषध नाही. सुरुवातीची काही वर्षं मी रोज काम संपलं की स्टुडिओ झाडून काढायचे. एकदा झाडून झाल्यावर काळं झाकण पुसून ठेवलं आणि दार बंद करून गेले. सकाळी त्यावर बोट फिरवलं तर पांढरी रेघ उठली. रात्रभर तिथे कोणी नव्हतं, म्हणजे मी उडवलेली धूळच सावकाश खाली बसली होती. त्या दिवसापासून झाडू बंद. ओला स्पंज, ओलं फडकं आणि फरशीला ओला पोछा, एवढंच. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, बारीक कण त्यातून परत हवेतच येतात.

मास्क किमान एन ९५ हवा. मी स्वतः बदलता येणाऱ्या पी १०० (एन ९५ पेक्षा बारीक गाळणाऱ्या) फिल्टरचा रबरी मास्क वापरते. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे; दाढी असेल तर कडेने फट राहते आणि चांगला मास्कही कुचकामी ठरतो. पावडरीच्या पिशव्या उघडण्याआधीच तो चढवा आणि सगळं बादलीत भिजल्याशिवाय काढू नका.

मिसळताना बादलीत आधी पाणी घ्या आणि त्यात पावडर हळूहळू सोडा. पावडरीवर पाणी ओतलं की ढग उठतो. लगेच ढवळायची घाई करू नका, दोन-तीन तास भिजू दिलं की गुठळ्या आपोआप सुटतात. मग ढवळून ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून दोनदा गाळा. स्वयंपाकघरातली भांडी, चमचे, वजनकाटा यातलं काहीही या कामाला वापरू नका, आणि या कामातलं काही परत तिकडे नेऊ नका.

पहिल्यांदा हात बसवायला जुनी, सोपी कृती घ्या: पोटॅश फेल्डस्पार (एक खनिज) ४०, सिलिका ३०, व्हाइटिंग (खडूची पूड) २०, काओलिन (पांढरी चिनी माती) १०. बेरीज १००, आणि रंगाचे ऑक्साइड या शंभराच्या वर मोजायचे. मात्र हे कोन १० चं, म्हणजे साधारण १२८० ते १३०० अंश सेल्सिअसचं ग्लेझ आहे (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, त्याच्या नंबरावरून भट्टीची उष्णता मोजतात). तुमची भट्टी आणि माती तेवढं सोसते का ते आधी पाहा. नसेल तर कोन ६ ची कृती शोधा. एक किलो पावडरीला ९०० मिली पाण्यापासून सुरुवात करा. मग दाटपणा बघायला १०० मिली ग्लेझ मोजून वजनकाट्यावर ठेवा. बिस्क केलेलं (ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेलं) भांडं तीन सेकंद बुडवायचं असेल तर १४५ ग्रॅमच्या आसपास मला बरं पडतं. प्रत्येक घटक टाकला की कागदावर खूण करा. मध्येच कोणी हाक मारली की सिलिका टाकली होती का, ते हमखास आठवत नाही.

बेरियम कार्बोनेट आणि मँगनीज डायऑक्साइड सुरुवातीला घरात आणूच नका. बेरियम कार्बोनेट पोटात गेलं तर विष आहे. मँगनीजचा धूर मज्जासंस्थेवर घाव घालतो, आणि तो भट्टीतूनही निघतो. शिसं तर कधीच नको.

आता भट्टी. बिस्क फायरिंगमध्ये मातीतला सेंद्रिय अंश जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, म्हणून 'काही जाणवत नाही' यावर विसंबू नका. बाहेर हवा फेकणारी सोय, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि चालू भट्टीच्या खोलीत न बसणं, हे तिन्ही पाळा. भिंतीपासून किमान ४५ सेंटिमीटर अंतर, स्वतंत्र वायरिंग, आणि प्लग हाताला गरम लागला तर भट्टी तिथेच थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कंट्रोलरवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. माझ्या भट्टीचा रिले (कॉइलची वीज चालू-बंद करणारा स्विच) एकदा चिकटून बसला. पडद्यावर फायरिंग संपल्याचं दिसत होतं आणि कॉइल तापतच होत्या. मी झोपलेले. सकाळी भांडी वितळून शेल्फला चिकटलेली होती. आग लागली नाही हे नशीब. आता शेवटचा तास मी जवळपासच असते, आत कोन ठेवते आणि फायरिंग संपलं की मेन स्विच हातानं बंद करते. भट्टीच्या भोकातून कोन बघताना वेल्डिंगचा शेड ३ ते ५ चा चष्मा लावा, उन्हाचा गॉगल पुरत नाही. भट्टी भरतानाही मेन स्विच बंदच हवा, कारण हात कॉइलला लागू शकतो.

ओलसर भांडं आत गेलं तर पाण्याची वाफ कित्येक पटींनी फुगते आणि ते फुटतं. म्हणून बिस्कला ८०-९० अंशांवर काही तास धरा, जाड भांडी असतील तर रात्रभर. आणि थंड होताना झाकण उचलायचा मोह होतोच, पण आकडा १०० च्या खाली येईपर्यंत थांबा. शेल्फवर सांडलेले ग्लेझचे थेंब काचेसारखे कापतात, ते काढताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.