ट्यूबलाइटच्या पट्ट्या आणि पंख्याची घरघर

प्रश्न: आम्ही चौघं मित्र कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या घरीच मोबाईलवर शॉर्टफिल्म करतोय, पण व्हिडिओत ट्यूबलाइटमुळं काळ्या पट्ट्या फिरताना दिसतात आणि डायलॉग तर ऐकूच येत नाहीत. काय करावं?

उत्तर: पट्ट्यांचं आधी सांगतो. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आहे म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. फोनच्या प्रो मोडमध्ये (जिथं कॅमेऱ्याची सेटिंग हातानं बदलता येतात) सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, पट्ट्या जातील, आणि दिवसा शूट करत असाल तर ट्यूब बंदच करा, ॲक्टरला खिडकीकडं तोंड करून बसवा, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा, चेहरा किती छान उजळतो बघा!

आवाजाला मात्र जास्त जपा, कारण चित्र थोडं खराब असलं तर लोक बघतात, आवाज खराब असला की बंद करतात. पंखा बंद, फ्रीजही बंद, आणि गाडीची चावी फ्रीजमध्येच ठेवा म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते. दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर लावून ॲक्टरच्या जवळ फ्रेमबाहेर ठेवा, प्रत्येक टेकला एक टाळी वाजवा, एडिटिंगला व्हिडिओ आणि हा वेगळा आवाज जुळवायला तीच लागते. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद घ्या, शॉट जोडताना आवाजात पडलेल्या फटी त्यानंच भरतात.

आणि सामान नाही म्हणून थांबू नका, याच कोल्हापुरात मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबुराव पेंटर यांनी कॅमेरासुद्धा स्वतः बनवला होता. झाली की मला नक्की दाखवा.