वडील ७८ वर्षांचे, जळगाव जिल्ह्यात चोपड्याजवळच्या गावी एकटेच राहतात. त्यांना अजून किती दिवस जमेल?

वय सोडा, आधी पाय बघा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का? मांड्यांची ताकद गेली की अंघोळ, संडास, ओटा चढणं सगळंच अडतं. माणूस स्वतःचं स्वतः करू शकतो का हे तपासायला अमेरिकन डॉक्टर सिडनी काट्झ यांनी १९६३ मध्ये दिलेल्या यादीत रोजची सहाच कामं आहेत: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा, जेवण. आपल्याकडे मात्र खरी मेख घरातच असते. उंच उंबरा, परसातला संडास, रात्री गेलेली लाईट! मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. मे महिन्यात आपल्याकडे खानदेशात पारा ४५ च्या आसपास जातो. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यात बीपीच्या गोळ्या, मग चक्कर येऊन पडणं आलंच. सकाळी हाक मारणारं शेजारी कुणी आहे का, तेही बघा.