मोटरसायकलसाठी आफ्टरमार्केट कॅमशाफ्ट निवडताना जास्त लिफ्टचा घ्यावा की कमी लिफ्टचा?

तुम्ही लिहिलंय की एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून झालेत, पिस्टन कंपनीचेच आहेत, कॉम्प्रेशन ९.५:१ आहे, गाडी रोज चालवता आणि सुट्टीत दोघं मिळून लांब फिरता. समोर दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे-मिटणारे दांडे) आहेत. पहिल्याचा लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह जितका उघडतो ते अंतर, १२.७ मिलिमीटर, दुसऱ्याचा १४. पहिल्याचा इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली असतो ती जागा) ३० अंशांवर बंद होतो, दुसऱ्याचा ४६ अंशांवर. पिस्टन बदलणार नसाल तर पहिला घ्या. दुसरा मोह पाडतो हे मला चांगलं माहीत आहे, कारण माझ्या गाडीत मी तसाच मोठा कॅम घातला होता आणि एक पावसाळा काढून परत उतरवला.

सगळे आधी लिफ्ट बघतात. मी आधी बघतो तो इनटेक बंद होण्याचा अंश. पिस्टन खालून वर निघाला तरी इनटेक उघडाच असतो आणि तो मिटेपर्यंत खरं कॉम्प्रेशन सुरूच होत नाही. नेहमीच्या लांबीचा कनेक्टिंग रॉड धरून हिशेब केला, तर ३० अंशांवर पिस्टन स्ट्रोकच्या सुमारे ५ टक्के वर आलेला असतो, ४६ अंशांवर साडेअकरा टक्के. म्हणजे तुमचं ९.५ कॉम्प्रेशन पहिल्या कॅमवर साधारण ९.१ उरतं, दुसऱ्यावर ८.५. शिवाय कॅमसोबत मिळणाऱ्या कार्डावरचे अंश व्हॉल्व्ह थोडा उघडा असतानाचे असतात, प्रत्यक्षात तो त्याहून उशिरा टेकतो.

वरच्या आरपीएमला हे नुकसान भरून निघतं. आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो की पिस्टन वर येऊ लागला तरी ती आत घुसत राहते. खालच्या आरपीएमला तो वेग नसतो, त्यामुळे भरलेली हवा उलटी इनटेकमध्ये ढकलली जाते. मागे माणूस आणि सामान घेऊन घाट चढताना माझी गाडी नेमकी तिथेच मार खायची. जिथे आधी तिसऱ्या गिअरवर निघायची, तिथे दुसरा टाकावा लागायचा. मोकळ्या रस्त्यावर ४,५००च्या पुढे मात्र ती सुसाट सुटायची. पण दिवसभरात मी ४,५००च्या पुढे किती वेळ असतो, हा प्रश्न मी कॅम विकत घेण्याआधी स्वतःला विचारायला हवा होता. तुम्ही आठवडाभर टॅकोमीटरकडे लक्ष ठेवा. काटा जास्तीत जास्त वेळ जिथे असतो, तिथे ज्याचा टॉर्क भरतो तो तुमचा कॅम.

डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख बघताना इथेच फसायला होतं. ५,५०० आरपीएमवर १० न्यूटन-मीटर वाढले की आलेखात पावणेसहा किलोवॅट वाढलेले दिसतात. तेच १० न्यूटन-मीटर २,५००वर घटले तर फक्त २.६ किलोवॅट कमी दिसतात. मनगटाला मात्र दोन्हीकडे तेवढाच फरक कळतो. म्हणून पॉवरची रेघ बाजूला ठेवा आणि टॉर्कची रेघ २,००० पासून बघा.

पिस्टन बदलून कॉम्प्रेशन वाढवणार असाल तर गोष्ट वेगळी, मग दुसरा कॅम शोभेल. उलटंही खरं आहे: जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात लवकर मिटणारा कॅम घातला तर उन्हात, चढावर इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसतात.

दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी ते किती लिफ्टवर मोजलेत ते तपासा. कोणी १ मिलिमीटरवर मोजतं, कोणी १.२७वर, कोणी व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यावर. एकाच कॅमचं ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते, त्यामुळे कितीतरी अंशांनी बदललेलं दिसतं. ड्युरेशनचा हिशेब सोपा आहे. पहिला कॅम टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) १० अंश आधी उघडत असेल तर १० + १८० + ३० = २२० अंश. ओव्हरलॅप म्हणजे टीडीसीजवळ दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ. तो वाढला की आयडलिंग अडखळतं. तो आवाज अनेकांना आवडतो, मलाही आवडतो, पण तुमच्या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इनटेकचा दाब मोजून पेट्रोल ठरवत असेल, तर ओव्हरलॅपमुळे तो दाब डळमळतो आणि कमी थ्रॉटलला गाडी झटके देते. ईसीयूचा मॅप, म्हणजे पेट्रोलचा हिशेब, नव्याने बसवायचा खर्च कॅमच्याच खर्चात धरा.

आता लिफ्टकडे येतो, कारण इंजिन फुटतं ते इथे. स्प्रिंग पूर्ण दबली की तिचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत; पूर्ण लिफ्टवर दीड मिलिमीटरच्या आसपास जागा उरलेली मला हवी असते. रिटेनर (स्प्रिंग धरणारी वरची टोपी) आणि व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमध्येही तशीच मोकळी जागा लागते. कंपनीच्या स्प्रिंगवर १४ मिलिमीटर चालेल असं कोणी तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, मोजून घ्या.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर तर प्रत्येक इंजिनात मोजायलाच हवं. पिस्टनवर पातळ तेल लावून मऊ प्लॅस्टिसिन ठेवा, हेड बसवून कसा, टायमिंग जुळवा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून दोन. कुठे अडकलं तर जोर लावू नका. मग हेड काढून प्लॅस्टिसिन कापा आणि सर्वांत पातळ जागी मोजा. सगळ्यांत कमी अंतर पूर्ण लिफ्टवर नसतं. एक्झॉस्टचं टीडीसीच्या थोडं आधी आणि इनटेकचं थोडं नंतर असतं. एक्झॉस्टला जास्त जागा ठेवावी लागते, कारण तो तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या मागे धावत येत असतो. किमान अंतर कॅमच्या कार्डावर असतं, त्याखाली जाऊ नका. लिफ्टर, म्हणजे कॅमवर टेकणारे टॅपेट, हायड्रॉलिक असतील तर मोजण्यापुरते सॉलिड लावा, नाहीतर लिफ्टर दबून खोटं अंतर दाखवतात.

जुन्या, खड्डे पडलेल्या टॅपेटवर नवा कॅम कधीच बसवू नका, लोब (कॅमचे उंचवटे) लवकरच खाल्ले जातील. बसवताना लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. व्हॉल्व्ह क्लिअरन्सही (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट) गाडीच्या पुस्तकातला नको, नव्या कॅमच्या कार्डावरचा धरा.

स्प्रॉकेटवरच्या खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग बरोबर, असंही समजू नका. माझा तो मोठा कॅम उतरवून मी मधल्या मापाचा घातला, तेव्हा खुणा तंतोतंत जुळत होत्या. तरी क्रँकवर डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) आणि व्हॉल्व्हवर डायल गेज (हालचाल मोजणारं घड्याळ) लावून पाहिलं, तर इनटेक कार्डापेक्षा ४ अंश उशिरा मिटत होता. लांब भोकांच्या स्प्रॉकेटने कॅम पुढे घेतला, म्हणजे इनटेक कार्डाप्रमाणे लवकर मिटू लागला, आणि त्याच घाटात गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरवर चढली.