बोल्ट आवळताना गाडी चाकांवर हवी

वाचकांचे प्रश्न: पुढचं सस्पेन्शन घरी बदलताना

प्रश्न: माझ्या स्विफ्टचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) मी अंगणात स्वतःच बदलले. पार्ट अस्सल होते, तरी सहा महिन्यांत आर्मच्या सांध्यातल्या एका बुशचं रबर फाटलं आणि खड्ड्यात पुन्हा टक-टक सुरू झाली. पार्टच खराब निघाला का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: पार्टवर संशय घेण्याआधी एक आठवून पाहा. बुशचा बोल्ट पूर्ण आवळला तेव्हा गाडी जॅकवर होती का? असेल, तर रबर फाटायचं कारण बहुधा तेच.

बुशमध्ये बाहेर एक नळी, आत एक नळी आणि मध्ये दोन्हींना पक्कं चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जाम होते. ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं. चाक लोंबत असताना आर्म बराच खाली झुकलेला असतो. तिथे बोल्ट आवळला तर रबर त्या झुकलेल्या जागी सैल राहतं आणि गाडी खाली उतरवली की पिळलं जातं. मग गाडी रात्रभर दारात उभी असली तरी तो पीळ कायम. त्यावर खड्ड्याचा झटका बसला की चिकटवलेली कड आधी सुटते. फाटलेला बुश काढून नीट बघा, चीर आतल्या नळीच्या कडेने गोल गेलेली दिसेल.

नवा बुश बसवताना बोल्ट हाताने पूर्ण फिरवा, मग पान्याने नुसता टेकवा. चाकं लावा, दोन्ही चाकांखाली जाड, सलग लाकडी फळ्या ठेवा आणि गाडी उतरवा. विटा किंवा पोकळ ब्लॉक नकोत, ते अचानक फुटतात. जॅकवरून उतरलेल्या गाडीची चाकं आत ओढलेली राहतात, त्यामुळे गाडी एकदा फळ्यांवरून उतरवून दोन-तीन मीटर हळू पुढे-मागे करा आणि पुन्हा फळ्यांवर घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा आणि मगच टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) बोल्ट आवळा. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. 100 न्यूटन-मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्यावर साधारण 20 किलोचा जोर. पाईप लावून अंगाचं वजन टाकलं तर तो आकडा कधीच ओलांडला जातो.

प्रश्न: फक्त शॉकअप बदलायचा आहे, स्प्रिंग जुनीच ठेवायची आहे. वरचा नट सोडला की झालं ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही! स्ट्रट (शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून झालेला भाग) गाडीतून बाहेर काढला तरी स्प्रिंग दाबलेलीच असते आणि तिला तो एक नटच धरून ठेवतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) न लावता तो सोडला तर वरची प्लेट तोंडावर उडू शकते.

कॉम्प्रेसरचे दोन दांडे स्प्रिंगवर बरोबर समोरासमोर लावा. आट्यांना ग्रीस लावून हातपान्याने आलटून-पालटून दोन-दोन फेरे द्या. इम्पॅक्ट गन चालवू नका, आटे तापून जातात. स्प्रिंग सीटवर हाताने हलू लागली की मगच नट सोडा. त्या वेळी स्ट्रटची टोकं तुमच्याकडे किंवा कुणाकडेही नकोत. हूक झिजलेला असेल तर एवढं एक काम गॅरेजमध्ये करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

नट सोडताना शॉकअपचा रॉड सोबत फिरतो. तो ॲलन कीने धरा, चकचकीत भागाला पक्कड लावू नका. तिथे ओरखडा पडला की तो ऑइल सील कापतो आणि नवा शॉकअप गळायला लागतो. बसवण्याआधी नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा त्याने वर जाते. मग पुन्हा आडवा ठेवू नका. स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या पायरीला टेकलंय, हे बघूनच कॉम्प्रेसर सैल करा. वरचं माउंट बेअरिंग हाताने फिरवा, खरखर लागली तर तेही आत्ताच बदला. शॉकअप मात्र नेहमी जोडीने बदला.

प्रश्न: लिंक रॉड भोकात येतच नाही. चुकीचा पार्ट दिला का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: एकच चाक उचललं असेल तर अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा, लिंक रॉड त्यालाच जोडतात) पिळलेला असतो. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी दोन स्टँडवर घ्या, रॉड सहज बसेल.

प्रश्न: बॉल जॉइंटचा (आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) बोल्ट गंजून जाम झालाय. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: खारी हवा लागलेल्या गाडीत हे होणारच. आदल्या रात्री बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, गंज सोडवणारं ऑइल मारा, सकाळी पुन्हा मारा. आधी किंचित आवळा, मग सोडा, थोडं मागे-पुढे करत काढा. ज्या गाड्यांत बोल्ट बॉल जॉइंटच्या खाचेतून आडवा जातो, तिथे तो पूर्ण बाहेर काढल्याशिवाय जॉइंट निघत नाही. तो आत असताना घण मारला तर नकलच (चाक ज्यावर बसतं तो भाग) फुटतो. जॉइंट सुटला की नकल तारेने बांधा, नाहीतर तो बाहेर झुकतो आणि ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. ब्रेकच्या पाईपवर आणि एबीएसच्या वायरवर ताण येऊ देऊ नका. जुना नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) पुन्हा वापरू नका.

प्रश्न: काम झाल्यावर स्टिअरिंग वाकडं राहतंय. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: स्ट्रट आणि नकलच्या बोल्टांना भोकात थोडी मोकळीक असते, तेवढ्यानेही चाकाचा कोन बदलतो. पुढच्या वेळी सोडण्याआधी खडूने खूण करा. आत्ता मात्र अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, बुशचे बोल्ट आवळून झाल्यावरच. चाकांचे नट 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.